बिळातला वाटा

यंदा गव्हाच्या कापणीला बायका लागल्याच नाहीत. मशीन आलं, त्यानं रानाच्या या टोकाला तोंड घातलं, त्या टोकाला बाहेर काढलं, आणि मधलं पीक कुठे गेलं ते बांधावर उभ्या राहिलेल्यांना कळलंसुद्धा नाही. ज्या रानात दरवर्षी कमरेचे काटे ढिले होईपर्यंत विळे चालायचे, तिथे आठवडाभरात नुसती धसकटं उरली. बरं, माणूस कापतो तेव्हा चार ओंब्या मुठीतून निसटतात, पेंढी बांधताना दोन गळतात, आणि मागे वेचायला म्हाताऱ्याकोताऱ्या असतात. मशीनच्या मुठीतून काय निसटणार? त्याला मूठच नाही. सांडलेच तर सुटे दाणे, तेही चिमणीनं टिपावेत असे.

म्हणजे मजुरी गेली आणि वेचणंही गेलं. अशा वेळी माणूस निदान शिव्या घालून मोकळा होतो. गावातल्या बायकांनी मशीनला, ते आणणाऱ्या मालकाला आणि ते चालवणाऱ्या ड्रायव्हरला यथेच्छ शिव्या घातल्या. एकटी सळई गप्प राहिली. ड्रायव्हर तिचा नवरा होता. त्याला शिव्या घालायचा हक्क तिचा एकटीचा होता आणि तो ती घरी बजावत असे.

सळई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. अंगानं ती होतीच तशी, उंच, सरळ, कुठे गोलाई म्हणून शिल्लक न ठेवलेली. पण नाव पडलं ते तिच्या हातातल्या लोखंडी सळईवरून. बिळं खणायला जाताना ती सळई तिच्या खांद्यावर असे, आणि जमिनीत खुपसली की खाली पोकळ आहे का भरीव, ते हाताला कळे. सासूनं ती तिला लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात दिली होती. इतर सासवा सुनेला दागिने देतात, नाहीतर द्यायचं कबूल तरी करतात. या सासूनं सळई दिली आणि म्हणाली, ही गंजत नाही, फक्त वापरत राहा.

शेतातला उंदीर घरातल्या उंदरासारखा भुरटा नव्हे. तो संसारी. दाणा भरत आला की तो ओंबी बुडाशी कुरतडून आडवी पाडतो, तोंडात धरून बिळापर्यंत ओढत नेतो आणि आत कोठ्यांमधून रचून ठेवतो, देठं एका बाजूला करून. वर दिसतो तो फक्त उकरलेल्या मातीचा ढीग, चाळणीतून काढल्यासारखा भुसभुशीत. धनी घरात असला की दाराला आतून माती लावलेली. खाली एक मोठी वाट, तिला फाटे; एका फाट्याच्या टोकाला गवत चिरून मऊ केलेली खोली, तिथे बाळंतपणं; बाकीच्या फाट्यांना कोठ्या. आणि एक वाट अशी, की ती वरच्या मातीच्या पापुद्र्याशी येऊन थांबते. बाहेरून काही दिसत नाही. संकट आलं की डोक्यानं पापुद्रा फोडायचा आणि सुटायचं. माणसांच्या घराला अशी वाट नसते, म्हणून माणसं दारातच सापडतात.

मशीन येणार आहे हे उंदरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी यंदाही आपली बेगमी वेळेवर करून ठेवली होती. आणि कापणी झाल्यापासून नांगरट होईपर्यंत बिळं बायकांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कागद करून दिला नव्हता. गरजही नव्हती, कारण त्यात सगळ्यांचंच साधत होतं. उंदीर हुसकले जातात म्हणून मालक खूश, टोपलं भरून ओंब्या घरी येतात म्हणून बायका खूश. उंदरांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांच्यासाठीही एक कलम होतंच: बाळंतिणीची खोली फोडायची नाही आणि शेवटची कोठी सोडून द्यायची. ही काही दया नव्हे. सगळेच उंदीर संपले तर पुढच्या वर्षी आपल्यासाठी राबणार कोण?

तेव्हा ज्या सकाळी मशीन रानाबाहेर पडलं, त्याच सकाळी सळई आणि तिची सासू आत शिरल्या. मागोमाग पाच-सहा बायका, डोक्याला फडकी बांधून, काखेत टोपली, हातात कुदळ.

ऊन चढायच्या आत जमीन थोडी ऐकते, नंतर दगड होते. सासू आता खणत नसे. तिचे गुडघे वाकायचे ते परत उघडायला मनधरणी करावी लागायची. ती बिळाच्या तोंडाशी बसून बोटानं कड चाचपायची. कड खरबरीत असली तर ठीक. घासून गुळगुळीत झाली असली तर आत लांब अंगाचा पाहुणा आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. मग सळई सळई घालायची, कुदळीनं वरचा थर काढायची, आणि शेवटी पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत. गालाला धसकटं टोचायची. नाकात माती, उंदराच्या मुताचा आंबूस वास, आणि बोटांच्या टोकांना एकदम ती कोरडी, केसाळ खरखर: ओंब्या. त्या स्पर्शाला सळई कधी सरावली नाही. दर वेळी तिला हसू यायचं. दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यावर येईल तसं.

पहिली कोठी निघाली तेव्हाच मुकादमाची मोटरसायकल बांधावर येऊन थांबली.

मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःचं असं मतच नव्हतं, त्यामुळे वाईट असायची सोय नव्हती. मालक शहरात राहायचा, फोनवर बोलायचा. मुकादम ते इथे मोठ्या आवाजात बोलायचा. त्या दिवशी त्यानं सांगितलं की यापुढे बिळातून जे निघेल त्यातला निम्मा वाटा मालकाचा. संध्याकाळी गोदामाच्या शेडमध्ये आणायचं, काट्यावर घालायचं, अर्धं ठेवून अर्धं न्यायचं.

बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं असं कधी झालं नाही. कुणी म्हणालं मालकाच्या घरी दुष्काळ पडलाय का. मुकादमानं उत्तर तयार ठेवलं होतं, बहुतेक फोनवरच मिळालेलं. गहू पिकला मालकाच्या रानात. उंदरानं चोरला म्हणून काही धनी बदलत नाही. चोरीचा माल सापडला की मूळ मालकाला जातो. उलट अर्धा तुम्हाला मिळतोय, ही मेहरबानी समजा.

सळई बिळातून हात काढून उठून बसली. केसांत भुसा, एका गालावर धसकटांचे ठसे.

"माल मालकाचा, हे कळलं," ती म्हणाली. "मग चोर कुणाचा?"

"कोण चोर?"

"उंदीर. मालकाच्या रानात जन्मला, मालकाचंच खाऊन मोठा झाला, दुसऱ्याच्या बांधावर कधी गेला नाही. तो कुणाचा?"

बायका हसल्या. मुकादमालाही हसू आलं, आणि हसताना माणूस जरा ऐसपैस होतो. "तोसुद्धा मालकाचाच समज," तो म्हणाला आणि किक मारून गेला.

संध्याकाळी शेडमध्ये रांग लागली. मोठा काटा, खाली ताडपत्री, मागे गोदामाचं उघडं दार आणि आत छतापर्यंत रचलेली पोती. प्रत्येकीनं टोपलं पालथं करायचं. मुकादम अर्धं एका बाजूला ओढायचा. मालकाच्या वाटणीच्या ओंब्या का कोण जाणे नेहमी जाड निघायच्या.

इथपर्यंत बायकांनी सोसलं. पण मग त्याला शंका आली की फडक्यात काही बांधून नेत असतील. त्यानं डोक्याची फडकी सोडून झटकायला लावली. शेडमध्ये हमाल होते, ट्रकवाले होते. एकेक बाई फडकं सोडू लागली. कुणी हसून, कुणी मान खाली घालून. सासूची पाळी आली तेव्हा ती जरा थांबली. डोक्यावर केस असे तिच्या फार उरलेच नव्हते, आणि गेली कैक वर्षं ते घराबाहेर कुणी पाहिले नव्हते. तिनं फडकं सोडलं, झटकलं. त्यातून धूळ पडली आणि एक काडी. मुकादमानं ती काडीही वाकून बघितली. मागून एक हमाल काहीतरी बोलला आणि दुसरा हसला.

सळईनं फडकं सासूच्या हातातून घेतलं आणि तिच्या डोक्याला बांधून दिलं, घट्ट, दोन गाठी मारून. घर जवळ आल्यावर सासू एवढंच म्हणाली की तराजूला दोन पारडी असतात, पण माणूस एकाच बाजूला उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सळईनं सळई नेली, कुदळ नेली, आणि कोंबड्यांची जाळीदार झाकणाची टोपलीही नेली. बायकांनी विचारलं, ती म्हणाली हिशेब चोख हवा.

त्या दिवशी तिनं ओंब्यांना हात लावण्याआधी पळवाटा शोधल्या. जिथे पापुद्रा पातळ लागेल तिथे टोपली पालथी घालून सासूला वर बसवलं आणि मोठ्या दाराकडून ओला पाला पेटवून धूर सोडला. धूर आत गेला की थोडा वेळ काही होत नाही. मग जमिनीखाली धावपळ सुरू होते. कान लावला तर ती ऐकू येते, भिंतीपलीकडे शेजारी सामान हलवत असावेत तशी. मग सासूच्या बुडाखालची माती फुटायची आणि टोपलीत धप् धप् आवाज व्हायचा. सासूनं इतक्या वर्षांत हे काम कधी केलं नव्हतं. ती दर धपक्याला "बसा, बसा, दाटी करू नका," म्हणायची आणि तोंडाला फडकं लावून हसायची. पिल्लांची खोली लागली तिथे मात्र तिनं धूर विझवायला लावला. बाळंतिणीला मालकाची नोटीस लागू नाही, म्हणाली.

दुपारपर्यंत बायकांत बातमी पसरली. दोघी-तिघींनी आपल्याकडचेही आणून दिले. एकीला भीती वाटत होती, ती शेपटीला धरून हात लांब करून, डोळे मिटून आली.

संध्याकाळी सळई रांगेत पहिली. तिनं आधी ओंब्यांचं टोपलं पालथं केलं. मुकादमानं अर्धं ओढलं. मग तिनं दुसरी टोपली काट्याजवळ ठेवली.

"आणि ही मालकाची बाकीची वाटणी," ती म्हणाली. "बिळातून जे निघालं त्यातलं निम्मं. आकडा विषम निघाला, पण आम्ही एक जास्तीचा घातलाय. मालकाला कमी पडायला नको."

आणि तिनं झाकण काढलं.

उंदीर काही भांडायला येत नाही. त्याला अंधार हवा असतो. शेडमध्ये सगळ्यात जवळचा अंधार म्हणजे गोदामाचं उघडं दार, आणि आत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये तर नुसत्या फटीच फटी. ते ताडपत्रीवरून असे सरळ निघाले की जणू कुणी रस्ता आखून दिला होता. काही मुकादमाच्या पायांवरून गेले. तो काट्यावर चढला. काट्याचा काटा गर्रकन फिरला आणि थरथरत राहिला, आणि एका ट्रकवाल्यानं त्यावरचं वजन मोठ्यानं वाचून दाखवलं. हमाल हसत जमिनीवर बसले. कालचा तो बोलणारा हमाल पोत्यावर उभा राहून पाय झाडत होता.

बायका हसल्या नाहीत. त्या रांगेत तशाच उभ्या होत्या, टोपली धरून, चेहरे साधे ठेवून. ते मुकादमाला जास्त लागलं.

तो काट्यावरूनच बोलला. तुमचा निम्मा वाटा रद्द. आता काहीच नाही. उद्या सकाळी नांगर घालतो, सगळं रान एका दिवसात. मग खणत बसा.

"आणि नांगर कोण चालवणार, माहीत आहे ना?" तो सळईला म्हणाला.

तिला माहीत होतं. कापणीचं मशीन यंदाच आलं; एरवी तिचा नवरा मालकाचा ट्रॅक्टरच चालवत असे.

घरी तो तिच्याआधी पोचला होता. दारात बसून खाकी शर्ट धूत होता. तो शर्ट मालकानं दिलेला आणि तो रोज स्वतःच धुवायचा, बायकोच्या हातात देत नसे. घराण्यात, हंगामापुरता का होईना, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा तो पहिलाच. ट्रॅक्टरच्या सीटला गादी होती, वर छत्री होती, आणि गावातली पोरं त्याच्यामागे धावायची. हे सगळं त्यानं कमावलं होतं, आणि ते एका टोपलीभर उंदरांनी कुरतडलं, असं त्याला वाटत होतं.

जेवताना तो बोलला. आरडाओरडा नाही, नेहमीच्या आवाजात. मुकादमानं चारचौघांत म्हटलं, तुझ्या बायकोनं घाण केली, तू निस्तर. पेट्रोल पंपावरचा पोऱ्यासुद्धा विचारतोय, ड्रायव्हरसाहेब, आज कोणती भाजी, उंदराची का? आपल्याला आता हे खणणं शोभत नाही. आपण काही उपाशी नाही.

सळईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की पगार चाकं फिरतात तोवरचा. नांगरट संपून ट्रॅक्टर शेडमध्ये गेला की ड्रायव्हर खाटेवर जातो, तेव्हा घरात जे शिजतं ते कुठून येतं, ते कधी झाकण काढून बघितलंय का? आणि तेही जाऊ द्या. काल तुमच्या आईला डोकं उघडं करायला लावलं. ते शोभलं?

त्याचा घास हातातच राहिला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आईकडे बघितलं. आई भांड्यातलं पाणी संपवत होती.

"खरं का, आई?"

"केस आहेत कुठे आता, बघायला," ती म्हणाली. मग भांडं ठेवून म्हणाली, "तू तुझं काम कर, नांगर घाल. ती तिचं करेल, खणेल. पोटाचा धंदा कुणी कुणाच्या भिडेखातर सोडायचा नाही. मी तुला तसं शिकवलेलं नाही."

तो ताटात हात धुऊन उठला आणि शर्ट वाळला का ते बघायला गेला, जो नुकताच धुतला होता.

सकाळी बायका बांधावर होत्या, पण खाली कुणी उतरत नव्हतं. मुकादम कडेला मोटरसायकल लावून तिच्यावर बसला होता. पायांत आज गुडघ्यापर्यंतचे बूट होते. ट्रॅक्टर दूरच्या कडेनं सुरू झाला होता. जात होता, वळत होता, येत होता. मागे काळी ओली माती उलटत होती आणि तिच्यावर बगळे उतरत होते.

सळई सरळ रानाच्या मध्यावरच्या उंचवट्याकडे गेली. तिथली जमीन बाकी रानापेक्षा वीतभर वर होती, पाण्यात कधी बुडायची नाही, आणि म्हणूनच उंदरांच्या कितीतरी पिढ्यांनी तिथे घर केलं होतं. मातीचे ढीग एकमेकांना लागून. त्याला हात लावायला एक अख्खा दिवस मोकळा हवा म्हणून बायका तो शेवटी ठेवत. आता शेवटचाच दिवस होता. सासू तिच्या मागून धसकटांतून पाय उचलत आली आणि कड चाचपून म्हणाली, खरबरीत आहे, घाल.

सळई खणत राहिली. वर बघितलं नाही तरी ट्रॅक्टर कुठवर आला ते कळत होतं. आवाजावरून नव्हे, उंदरांवरून. नांगर एकेक पट्टा खात येत होता तसतसे बिळांतून सुटलेले उंदीर न नांगरलेल्या बाजूला पळत होते. काही बगळ्यांच्या चोचीत गेले. बाकीचे धसकटांतून या उंचवट्याकडे येत होते, तिच्या कोपराला घासून जात होते, तिनं उकरलेल्या मातीत तोंड खुपसत होते. त्यांना आता माणसाचं भय उरलं नव्हतं. मागून त्याहून मोठं काही येत होतं.

पोकळी खोल लागली. ती पालथी पडली, हात घातला. खांदा आत गेला, गाल जमिनीला टेकला. बोटांना ओंब्या लागल्या, पण निसटत्या, आणखी अर्धी वीत पुढे. जमीन थरथरत होती आणि वाटेच्या छतावरून माती तिच्या दंडावर गळत होती.

मग थरथर थांबेना, वाढत गेली, आणि डिझेलचा वास आला. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. सासू तिच्या शेजारी मांडी घालून बसली. त्या गुडघ्यांनी मांडी कशी घातली, देव जाणे.

इंजिन बंद झालं नाही, पण चाकं थांबली. नांगराचे फाळ उचलल्याचा कडकड आवाज झाला. तो उतरून आला. सळईला जमिनीलगत त्याचे बूट दिसले.

"ऊठ," तो म्हणाला.

"हात आत आहे."

"मग काढ."

"कोठी लागलीय. काढला तर छत बसेल."

"मुकादम बघतोय."

"त्याला बघू द्या. तुम्ही काय बघताय ते सांगा."

त्यानं खाली पाहिलं. ट्रॅक्टर मागे धडधडत होता आणि त्या धडधडीनं माती आणखी गळत होती. हे त्याला दिसत होतं. लहानपणी आईबरोबर याच रानात, याच उंचवट्यावर तो पालथा पडायचा. त्याचा हात बारीक होता, त्यामुळे सगळ्यात आतल्या कोठीपर्यंत जायचा. छत बसायला लागलं की काय करायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

तो मागे गेला आणि इंजिन बंद केलं. रानात एकदम इतकं शांत झालं की बगळ्यांच्या पंखांचा आवाज आला. परत येऊन तो गुडघ्यांवर बसला, मग पालथा पडला, खाकी शर्टासकट. कुदळ न वापरता बोटांनी त्यानं बाजूची माती पोखरून बायकोच्या हाताखाली दुसरी वाट केली आणि छताला तळवा लावून धरला.

"आता घाल पुढे," तो म्हणाला.

मुकादम धसकटांतून येईपर्यंत त्यांनी दोन ओंजळी बाहेर काढल्या होत्या. मुकादमानं आधी थंड पडलेला ट्रॅक्टर पाहिला, मग जमिनीवरचे चार पाय. बांधावरच्या सगळ्या बायका बघत होत्या, आणि चारचौघांत काय बोलावं हे फोनवर कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. त्याला यातून कसंतरी नीट बाहेर पडायचं होतं. त्यानं ड्रायव्हरलाही वाट काढून दिली.

"मशीन गरम झालं का रे?" तो म्हणाला. "होतं कधीकधी. थोडा वेळ थंड होऊ दे, मग चालू कर."

ड्रायव्हरनं मान वर केली. कपाळाला माती लागली होती. हो म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती, मुकादमाची अब्रू राहिली असती, शर्टही धुतला गेला असता.

"मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी थांबवलंय."

मुकादम म्हणाला, पुन्हा विचार कर. ड्रायव्हर म्हणाला, केला. मुकादम म्हणाला, मग किल्ली दे, दुसरे ड्रायव्हर मिळतात. ड्रायव्हरनं एक हात छताला तसाच ठेवला, दुसऱ्या हातानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि न उठताच वर धरली. मुकादमाला ती घ्यायला वाकावं लागलं.

किल्ली हातात आली आणि मुकादम ट्रॅक्टरकडे बघत राहिला. एवढं मोठं धूड, आणि त्याला त्यातला ब्रेक कुठे आणि फाळ कशानं खाली येतात, इतकंही माहीत नव्हतं. दुसरा ड्रायव्हर आणायचा तर दुसऱ्या गावाला जावं लागणार, आणि तोही आज येईल याची खात्री नाही. त्यानं फोन काढला, पडद्याकडे बघितलं, परत खिशात ठेवला.

बांधावरून पहिल्यांदा ती भित्री बाई उतरली. मग बाकीच्या उतरल्या, टोपली काखेला लावून, घाई न करता. कुणी मुकादमाशी बोललं नाही. प्रत्येकीनं एकेक ढीग धरला आणि डोक्याची फडकी घट्ट करून खणायला बसली. सासू जागची हलली नाही. तिनं मुलाच्या पाठीवरची माती एकदा झटकली आणि हात तिथेच ठेवला.

सळईनं आतून आणखी एक ओंजळ काढली, टोपल्यात टाकली आणि सळई उचलून पुढची जागा बघू लागली. मुकादम अजून तिथेच उभा होता, मुठीत किल्ली, एक बूट भुसभुशीत मातीत रुतलेला. सळईनं टोकानं त्याच्या बुटाजवळची जमीन ठोकून पाहिली. खाली पोकळ होतं.

"मुकादम, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही बिळावर उभे आहात."